मतविभाजन (विधानसभेतील)

आमदाराचे सभागृहातील मत नावानिशी नोंदवण्याची पद्धत. राज्याच्या खर्चाला मंजुरी देणे हे विधानसभेचे सर्वांत मोठे काम. संविधानाच्या अनुच्छेद 203 नुसार अनुदानाच्या मागण्यांवर तिथेच मतदान होते. विधान परिषद चर्चा करते, मत देत नाही. व्यवहारात मात्र बहुतेक मागण्या आवाजी मतदानाने संमत होतात. ‘होय’ आणि ‘नाही’ यांचा अंदाज घेऊन अध्यक्ष कौल जाहीर करतात. त्यात कोणाचेही नाव उरत नाही, त्यामुळे सिंचनाच्या किंवा शाळांच्या निधीवर आपल्या आमदाराने काय मत दिले, हे मतदाराला कळायला मार्ग नसतो. लोकशाहीच्या दृष्टीने ही गंभीर उणीव आहे. कौलाला आव्हान देऊन मतविभाजन मागितले, तरच नावे कागदावर येतात.

दुसरी अडचण पक्षादेशाची, म्हणजे कसे मत द्यायचे याबद्दलच्या पक्षाच्या आदेशाची. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. पक्षाने 15 दिवसांत ते माफ केले तर ती वाचते. किहोतो होलोहान खटल्यात (1992) सर्वोच्च न्यायालयाने ही अनुसूची मुख्यतः वैध ठरवली.