काम बाहेर देताना : घाट, मिठागर आणि शिंप्याचं दुकान

मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या होत्या. घरगुती मसाल्यांचा त्यांचा छोटा उद्योग आहे, हाताखाली चार बायका आहेत. त्या म्हणाल्या, "सर, आता पाकिटांचं डिझाइन आणि हिशेबाचं काम बाहेरच्या माणसाला द्यायचंय. नोकरीवर कुणाला ठेवणं परवडत नाही. कंत्राटावर माणूस घ्यायचा तर आधी तयारी काय करू?" मी म्हटलं, तुम्ही हे तत्त्वज्ञानाच्या मास्तराला कशाला विचारता, वकिलाला विचारा. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. आजचं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडं लांबच्या वाटेनं येणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माणूस दुसऱ्याचं काम दोन तऱ्हांनी करतो. एक म्हणजे तो आपला वेळ विकतो. दुसरी म्हणजे तो तयार झालेलं काम विकतो. रोमन कायद्यानं या दोन करारांना वेगळी नावं दिली होती. पहिल्यात माणूस आपले कष्ट भाड्यानं देतो, दुसऱ्यात एखादं काम पुरं करून देण्याचं अंगावर घेतो. फरक कुठे पडतो? काम बिघडलं किंवा रखडलं, तर नुकसान कुणाचं, इथे. कष्ट भाड्यानं देणाऱ्यानं दिवस भरला की त्याची मजुरी पक्की. काम अंगावर घेणाऱ्याचं तसं नाही. काम पुरं होईपर्यंत जोखीम त्याची.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मजूर आणि मालक यांच्या व्यवहारावर स्वतंत्र नियम आहेत. त्यातला पहिलाच मला फार शहाणपणाचा वाटतो. मजूर आणि मालक यांच्यात काय ठरलं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावं. म्हणजे करार दोघांतच राहता कामा नये, त्याला साक्ष हवी. ठरलेली मजुरी मिळावी. काहीच ठरलं नसेल तर काम आणि वेळ पाहून द्यावी. आणि न ठरवता राबलेल्या शेतमजुराला पिकाचा, गवळ्याला तुपाचा, व्यापाऱ्याच्या माणसाला त्यानं विकलेल्या मालाचा दहावा हिस्सा. यातला मुद्दा बघा : न बोलता राहिलेल्या गोष्टीतून भांडण निघतं, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला नीट कळलं होतं.

आपल्या गावगाड्यात मात्र हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटलेला होता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांना प्रत्येक कामाचे पैसे नसत. सुगीला बलुतं मिळे. काम आणि मोबदला यांच्यामध्ये वतन होतं, जात होती, पिढ्या होत्या. त्यात आधार होता आणि जाचही होता. पण 'अमुक काम, अमुक दाम, काम संपलं की नातं संपलं' असा सुटा व्यवहार त्यात फारसा नव्हता. तो मोठ्या प्रमाणात आला तो इंग्रजी अमदानीत, रस्ते, पूल आणि रेल्वे यांच्या बांधकामाबरोबर.

आता आपण बोरघाटात जाऊ. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली. पुढे पुण्याकडे जायचं तर सह्याद्री चढायला हवा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनं घाटाचं काम विल्यम फॅव्हिएल या कंत्राटदाराला दिलं. मुंबई-ठाणे मार्गाच्या कामातलाच तो अनुभवी माणूस. 1856 साली काम सुरू झालं. कंपनीनं काम कंत्राटदाराला दिलं, त्यानं तुकडे करून लहान कंत्राटदारांना दिलं, त्यांनी मुकादमांना, आणि मुकादमांनी हजारो मजुरांना. काम वरून खाली नीट उतरत गेलं. पैसा मात्र तसा उतरला नाही. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांचा दंगा झाला, त्यात एक युरोपियन माणूस मारला गेला. सरकारनं चौकशी केली, तेव्हा मजुरांची तक्रार खोटी नसल्याचं दिसलं. त्याच वर्षी फॅव्हिएलनं कंत्राट सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्यावर थोड्याच काळात आजारानं वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. अनुभवी अभियंते नेमले आणि काम पुरं करून घेतलं. 1863 साली घाट खुला झाला.

ही गोष्ट मी शौर्यकथा म्हणून सांगत नाहीये. मला त्यातला एक साधा धागा हवाय. रेल्वे कंपनीला वाटलं, काम कंत्राटदाराला दिलं म्हणजे आपली जबाबदारी संपली. तशी ती संपत नसते. दंगा झाला तो कंपनीच्याच मार्गावर, आणि काम रखडलं तेही कंपनीचंच.

आणि कायदा तेव्हा कुणाच्या बाजूला होता, तेही पाहा. 1859 सालीच एक कायदा झाला. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता येई. पैसे परत कर किंवा काम कर असा हुकूम व्हायचा, आणि तो न पाळला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे मजुराची कसूर हा गुन्हा, आणि मालकानं मजुरी थकवली तर ती नुसती उधारी! पुढच्याच वर्षी, 1860 मध्ये, रेल्वे आणि सार्वजनिक बांधकामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट निकालात काढावेत असा कायदा आला. घाटातल्या दंग्याची ती देन. पण 1859 चा तो एकतर्फी कायदा रद्द व्हायला मात्र 1925 साल उजाडावं लागलं. मधल्या काळात, 1872 साली, आपला भारतीय करार कायदा आला. तो आजही चालतो. त्याच्या पायाशी एकच अट आहे : दोघांची संमती मोकळी हवी, आणि एकाच गोष्टीला एकाच अर्थानं दिलेली हवी.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न उलटा झाला. कागदावर 'कंत्राटदार' लिहिलं म्हणजे माणूस खरोखर कंत्राटदार होतो का? सौराष्ट्रातल्या मिठागरांवरचे आगरिया दूर रणात, आपल्या कुटुंबासह राबत. मदतीला स्वतः माणसंही ठेवत. कामाचे तास ठरलेले नव्हते, पैसे मिठाच्या वजनावर मिळत. तरी 1956 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं ते कामगारच आहेत असं ठरवलं. कारण मीठ कसं तयार व्हावं यावर कंपनीच्या माणसांची प्रत्येक टप्प्यावर देखरेख होती. उलट 1961 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात, कारखान्यातच बसून विड्या वळणारा माणूस कारखाने कायद्याखालचा कामगार नाही, म्हणून त्याला रजेचा पगार नाही, असं बहुमतानं ठरलं. तो हवं तेव्हा येई आणि जाई, म्हणून. एका न्यायमूर्तींचं मत मात्र वेगळं होतं. मग 1973 साली आंध्र प्रदेशातल्या एका शिंप्याच्या दुकानाचं प्रकरण आलं. कारागिरांना नगावर पैसे मिळत, काही जण कपडे घरीही नेत. न्यायालय म्हणालं, मशीन दुकानाचं आहे, आणि शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला मालक सांगतो. तर हे नोकरच.

विद्यार्थ्यांना मी हे तर्कशास्त्राचं उदाहरण म्हणून देत असे. नावानं वस्तू ठरत नाही, संबंधानं ठरते. रणातला माणूस कामगार ठरला आणि कारखान्यात बसलेला ठरला नाही. म्हणजे जागा निर्णायक नव्हती, वेळही एकटी निर्णायक नव्हती. 'कसं करायचं' हे कोण सांगतं, अवजार कुणाचं, तोटा कुणाचा, हे सगळं एकत्र ठेवून पाहावं लागतं.

आता ताई, तुमच्याकडे येतो. तुम्ही समोरच बसला आहात, बरं झालं.

पहिली तयारी स्वतःच्या मनाची. तुम्हाला काम हवंय की माणूस हवाय? रोज दहा वाजता येऊन तुम्ही सांगाल तसं तुमच्या संगणकावर बसणारा माणूस हवा असेल, तर तो नोकर आहे. त्याला कंत्राटदार म्हणू नका. ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे आणि तुम्हालाही महागात पडेल.

काम हवं असेल तर ते एका कागदावर मावेल असं लिहा. किती पाकिटं, कोणत्या तारखेला, किती वेळा दुरुस्ती, पैसे कधी. लिहिता येत नसेल तर समजा की काम अजून तुमच्याच डोक्यात स्पष्ट नाही. कौटिल्याचे शेजारी आज नाहीत, तर कागदालाच साक्षीला बसवा.

तिसरी गोष्ट लोक विसरतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या डिझाइनचा पहिला मालक साधारणपणे त्याचा धनी असतो. बाहेरच्या कलाकाराचं तसं नाही. पैसे चुकते केले तरी हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो तुम्हाला हवा असेल तर लेखी हस्तांतर करून घ्या, आणि त्याचा दाम मोजा.

आणि चौथी, बोरघाटाची. पैसे थकवू नका. तो माणूस सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर 2006 च्या कायद्यानं 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, नाहीतर जबर व्याज. पण कायद्याचं राहू द्या. कालपर्यंत तुमचेही पैसे कुठल्यातरी दुकानदाराकडे अडकत होते ना? तेव्हा रात्री झोप लागत नव्हती, ती आठवा. आजपासून तुमच्याकडे बघून कुणीतरी दुसरा जागणार आहे.

माझ्या मते खरी तयारी एवढीच. बाकीचं वकील सांगेल, आणि या खेपेला मात्र त्याच्याकडे जाच.