गांडूळ खत विकायचं असेल तर कोणता परवाना लागतो? कोयना भागातल्या शेतकऱ्यांसाठी माहिती

कोयनानगर : पाटण तालुक्यात शेण आहे, पालापाचोळा आहे. त्यामुळे गांडूळ खताचे बेड टाकायचे आणि जादा झालेलं खत विकायचं, हा विषय बचत गटात आणि तरुण पोरांत नेहमी निघतो. खत करणं अवघड नाही. अडचण येते ती पोतं शिवून त्यावर नाव छापल्यावर.

स्वतःच्या रानात घालायला खत केलं तर परवाना लागत नाही. साधा उकिरडा असो, गांडुळाचा बेड असो की पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावावरून ओळखली जाणारी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी नाडेप टाकी असो, कोणी विचारायला येणार नाही. शेजाऱ्याला ट्रॉलीभर शेणखत देणं ही तर गावची जुनीच रीत.

पण 'गांडूळ खत' असं छापून पोती बाजारात आणली की खत नियंत्रण आदेश १९८५ लागू होतो. हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे, त्यामुळे मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. पूर्वी हा आदेश मुख्यतः रासायनिक खतांपुरता होता. २००६ मध्ये सेंद्रिय आणि जैविक खतंही त्यात आली. उत्पादनाचं प्रमाणपत्र आणि विक्रीचा परवाना हे दोन वेगळे कागद आहेत, एक काढला म्हणजे दुसरा मिळाला असं नाही. चौकशीची सुरुवात पाटणच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून करावी. उत्पादनाचं प्रकरण पुढं पुण्याच्या कृषी आयुक्तालयाकडे जातं.

त्या आदेशात गांडूळ खताची प्रत ठरवून दिली आहे. ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के, नत्र किमान १ टक्का. शिसं, कॅडमियम अशा जड धातूंनाही मर्यादा आहे. नुसत्या शेणापाल्याच्या खताला धातूंची भीती कमी. कोयनेत खरी परीक्षा ओलाव्याची. जिथं श्रावणात अंगावरचे कपडे वाळत नाहीत, तिथं खत २५ टक्क्यांच्या आत आणायचं म्हणजे वरती पक्कं छप्पर आणि खाली कोरडी जमीन पाहिजेच. पावसाळ्यात भरलेला नमुना नापास झाला तर दोष गांडुळाचा नाही. पोत्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बॅच नंबर आणि तारीख छापावी लागते. पाकीटबंद मालाच्या वजनमापाचे नियम वेगळे आहेत, तेही बघून घ्यावेत.

आता पर्यावरणाचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ मध्ये उद्योगांचे लाल, नारंगी, हिरवा आणि पांढरा असे गट पाडले. हातानं मिसळून केलेलं सेंद्रिय खत त्यात पांढऱ्या, म्हणजे सगळ्यात कमी प्रदूषणाच्या गटात होतं. अशा धंद्यानं मंडळाला कळवायचं असतं, संमतीपत्राचा व्याप नसतो. यंत्रं बसवली, बाहेरून प्रेसमड किंवा हॉटेलचा कचरा आणला तर गट बदलू शकतो. म्हणून शेड उभी करण्याआधीच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्यातल्या कार्यालयात लेखी विचारावं. याद्या बदलत असतात, जुन्या माहितीवर जाऊ नये. शहरी कचऱ्यासाठीच्या २०१६ च्या नियमांत दिवसाला ५ टनांपेक्षा जास्त कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्याला मंडळाची परवानगी घ्यायला सांगितली होती. गावातला बेडवाला त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

तरी त्याच नियमांतली एक गोष्ट इथं उचलण्यासारखी आहे. खताच्या ढिगाखाली पाणी न झिरपणारा तळ हवा, काँक्रीटचा किंवा ५० सेंटिमीटर दाबलेल्या चिकणमातीचा. त्याला १ ते २ टक्के उतार आणि भोवती पक्की गटार. ढिगातून निघालेलं काळं पाणी टाकीत साठवून परत ढिगावरच शिंपडायचं. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात उघडा ढीग ठेवला तर ते पाणी ओढ्यात, तिथून कोयना नदीत जातं आणि खालच्या गावाची विहीरही नासते. ओढ्यात किंवा विहिरीत घाण सोडायला जलप्रदूषण कायदा १९७४ मनाई करतो. तिथं परवाना आहे की नाही हा प्रश्नच येत नाही.

पाल्याची गोष्टही लोक विसरतात. कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वनातला पाला हा भारतीय वन कायदा १९२७ प्रमाणे वनोपज धरला जातो. अभयारण्यातून तर काहीच उचलता येत नाही. बांधावरचा, बागेतला पाला वापरा. हॉटेलचं उष्टं उघड्यावर साठवलं तर रानडुकरं येणार, मागून बिबट्या.

जागेचा सातबारा आधी बघावा. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर बहुतेकदा 'भोगवटादार वर्ग-२' असतं. अशा जमिनीचा वापर बदलायला महसूल खात्याची परवानगी लागते, त्यामुळे तलाठ्याकडे चौकशी करूनच शेडचा खर्च करावा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेताना ठरावाची प्रत मागावी. प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्याची पोच जवळ ठेवावी, 'चालू करा, बघू नंतर' या तोंडी शब्दावर कामाला लागू नये.