मधली वाट



भाषेच्या प्राध्यापकाने रसायनशास्त्रातला विषय निवडावा, याचे कुणास नवल वाटेल. परंतु संस्कृत ‘हस्त’ आणि मराठी ‘हात’ यांचे नाते मधले प्राकृत ‘हत्थ’ पाहिल्यावाचून उलगडत नाही. पदार्थांचेही तसेच आहे.

१८३५ साली लीबिग या जर्मन रसायनज्ञाने ‘अल्डिहाइड’ हे नाव घडविले. ‘हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचा तो संक्षेप. अल्डिहाइडशी दोन अल्कोहोल जुळून पाणी बाहेर पडले की अ‍ॅसिटाल होते. १८९३ मध्ये एमिल फिशर यांनी हायड्रोजन क्लोराइडच्या साह्याने ग्लुकोज व मेथिल अल्कोहोल यांपासून मेथिल ग्लुकोसाइड मिळविले, ते याच कुळातले. फरक इतकाच, की त्यातला एक अल्कोहोल ग्लुकोजच्या स्वतःच्याच रेणूत असतो.

कृती साधली, वाट मात्र दिसली नव्हती. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी १८९७ चा. इलेक्ट्रॉनांची हालचाल वक्र बाणांनी दाखविण्याची रीत केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये आणली. पुढे ह्यूज व इंगोल्ड यांनी अभिक्रियांच्या वेगावरून त्यांचे टप्पे ताडण्याच्या पद्धतीला बळकटी दिली.

आज ती वाट अशी सांगता येते. आम्लातला प्रोटॉन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला चिकटतो; त्यामुळे लगतच्या कार्बनला इलेक्ट्रॉनांची ओढ लागते व अल्कोहोलचा ऑक्सिजन त्यास मिळतो. प्रोटॉन सुटून अर्ध-अ‍ॅसिटाल बनते. हेच आपले ‘हत्थ’. मग त्याच्या हायड्रॉक्सिल गटास पुन्हा प्रोटॉन मिळून तो पाणी होऊन निघून जातो, दुसरा अल्कोहोल येतो आणि अखेरीस प्रोटॉन मोकळा होतो. आम्ल खर्च होत नाही.

ही प्रत्येक पायरी उलटही उतरता येते. पाणी काढीत गेल्यास अ‍ॅसिटाल वाढते. पाणी व आम्ल मिळाल्यास मोडते. उसाच्या साखरेतला जोडही याच जातीचा. म्हणूनच गुऱ्हाळात रसाची आंबटाई चुन्याने मारतात. एरवी साखर फुटते आणि गूळ नीट धरत नाही.

समीकरणाची दोन टोके पाठ असली की परीक्षेत गुण मिळतात. परंतु आम्लाऐवजी अल्कली का चालत नाही, हे ती टोके सांगत नाहीत. हायड्रॉक्सिल गटाला पाण्याच्या रूपाने निरोप देणे आम्लालाच साधते. हे उत्तर मधल्या वाटेवर सापडते. ‘हे कसे घडते?’ असे विचारणाऱ्या मुलास, अभ्यासक्रम मागे पडला तरी चालेल, पण खाली बसवू नये, एवढीच माझी या शाळेतील शिक्षकांस विनंती आहे.