खाण, माती आणि ताट

राजांच्या लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आज मातीचा इतिहास पाहू. मी कामगार चळवळीतला माणूस. रसायनशास्त्र मला कोणत्या महाविद्यालयाने शिकवले नाही. परंतु खाणीतून निघालेले द्रव्य शेवटी कोणाच्या ताटात पडते, हा प्रश्न एकट्या रसायनशास्त्राचा नव्हे, न्यायाचाही आहे.

जस्ताच्या खनिजात कॅडमियम नावाचा धातू थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो. जस्त रोपाला वाढीसाठी लागते. मुळांच्या ज्या वाटेने जस्त आत जाते, त्याच वाटेने त्याचा हा भाऊबंद कॅडमियमही शिरतो आणि पालकासारख्या पालेभाज्यांच्या पानांत साठतो. शिशाची रीत निराळी. ते मातीला घट्ट धरून राहते आणि बहुधा पानांवरच्या धुळीतून किंवा कंदांना चिकटलेल्या मातीतून पोटात जाते. म्हणून भाजी नीट धुतली तर शिसे बरेचसे जाते. कॅडमियम मात्र धुऊन जात नाही, कारण ते भाजीच्या अंगातच भिनलेले असते.

जपानमध्ये कामिओका येथे मित्सुई कंपनीची जस्त-शिशाची खाण होती. तिचे सांडपाणी जिंझू नदीत जाई आणि खाली तोयामा प्रांतात तेच पाणी भातशेतीला मिळे. तेथील शेतकरी घरांतल्या स्त्रिया, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रिया, हाडांच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळू लागल्या. साध्या खोकल्यानेही त्यांच्या बरगड्या मोडत. ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या रोगाचे नाव पडले. कॅडमियम मूत्रपिंडे बिघडवते. मग शरीरातील आवश्यक क्षार लघवीवाटे निघून जातात आणि हाडे मऊ पडतात.

गावातले डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी 1957 साली या रोगाचे मूळ खाणीत असल्याचे जाहीर केले. 1961 साली त्यांनी आणि कृषितज्ज्ञ किनइची योशिओका यांनी कॅडमियमकडे बोट दाखवले. सरकारने ही गोष्ट अधिकृतपणे मान्य केली ती 1968 च्या मे महिन्यात. त्याच वर्षी पीडितांनी दावा लावला होता. 30 जून 1971 रोजी ते जिंकले आणि 9 ऑगस्ट 1972 रोजी वरच्या न्यायालयातही जिंकले. खाणीच्या नुकसानीबाबतच्या जपानी कायद्यात कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नव्हता; प्रश्न होता तो कार्यकारणाचा. रोग कोठे, कोणाला, किती झाला, या पाहणीचा पुरावा न्यायालयाने ग्राह्य धरला. आजारी बाईनेच प्रयोगशाळा उघडून शेवटचा कण मोजून दाखवावा, असा हट्ट तेथे टिकला नाही.

आता इंग्लंडातील शिपहॅम हे खेडे पाहा. जुन्या काळी तेथे जस्ताच्या खाणी होत्या. 1979 साली असे आढळले की, तेथील परसबागांच्या मातीत जिंझूकाठच्या शेतांपेक्षा कितीतरी अधिक कॅडमियम आहे. लोक घाबरले. रहिवाशांची तपासणी झाली. पण ‘इताई’सारखा रोग सापडला नाही. याचे कारण काय? तेथील माती चुनखडीची आहे आणि चुनखडीच्या मातीत कॅडमियम मुळांना सहजी मिळत नाही. आम्लधर्मी मातीत ते मोकळे होते. शिवाय शिपहॅमच्या माणसाच्या जेवणात परसातली भाजी हा एक भाग होता, बाकीचे अन्न बाहेरून येई. तोयामाच्या शेतकऱ्याचे मुख्य अन्न म्हणजे स्वतःच्या शेतातला भातच.

तेव्हा नुसता मातीचा आकडा पाहून भागत नाही. माती कोणत्या जातीची, पीक कोणते आणि खाणाऱ्याला दुसरे अन्न घेण्याची ऐपत आहे की नाही, हेही पाहावे लागते. विष तेच असले तरी ज्याच्या ताटात पर्याय नाही, त्याच्यावर ते अधिक चालते.

जिंझूकाठच्या लोकांनी आणखी एक गोष्ट मिळवली. मला ती नुकसानभरपाईच्या रकमेपेक्षाही मोठी वाटते. 1972 च्या करारात त्यांनी कंपनीच्या आवारात शिरून, तज्ज्ञ बरोबर नेऊन, कंपनीच्या खर्चाने पाहणी करण्याचा हक्क लिहून घेतला आणि वर्षानुवर्षे तो बजावला. दूषित माती गाडून वर स्वच्छ माती घालण्याचे काम 2012 साली पुरे झाले; 860 हेक्टरांहून अधिक जमिनीला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. खाणीतून खनिज काढणे त्याआधीच, 2001 साली थांबले होते.

खाण बंद झाली की कामगार घरी जातो आणि मालक दुसरा धंदा पाहतो. माती मात्र जागची हलत नाही. म्हणून करार करताना कामाचे तास आणि मजुरी यांच्या जोडीला खालच्या शेतांची तपासणीही कागदावर आली पाहिजे. कारण त्या शेतातली भाजी खाणकामगाराच्याच घरी शिजत असते.