स्क्रमबाहेरचा आठवा गडी

२९ ऑक्टोबर २०२३ची ती मध्यरात्र. पॅरिसमध्ये रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजले होते. घरात मी आणि माझा भाचा, असे दोघेच जागे. दक्षिण आफ्रिकेने आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड, म्हणजे रेटारेटी करणारे दणकट गडी घेतले होते. पळणारा, चपळ असा बॅक फक्त एक. भाचा चिडला. ‘‘मामा, ही काय खेळायची रीत झाली? समोरचे दमले की त्यांच्या अंगावर ताजे पैलवान सोडायचे!’’ मी म्हटलं, ‘‘अरे, नियमात बसतंय ना?’’ दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १२-११ असे एका गुणाने हरवले. सामना संपला, आमचा वाद मात्र सकाळच्या चहापर्यंत चालू राहिला.

त्या वादात मला राहून राहून ११८ वर्षांपूर्वीचा एक वाद आठवत होता. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात होता तो न्यूझीलंडचा संघ.

१९०५च्या जुलैअखेरीस वेलिंग्टन बंदरातून हा संघ बोटीने इंग्लंडला निघाला. कर्णधार डेव्ह गॅलाहर. जन्माने आयरिश, लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला आलेला. उपकर्णधार बिली स्टेड व्यवसायाने बूट बनवणारा, माओरी वंशाचा. १६ सप्टेंबरला एक्झेटर गावी डेव्हन परगण्याशी पहिला सामना झाला आणि न्यूझीलंडने तो ५५-४ असा जिंकला. वसाहतीतून आलेला संघ इतक्या गुणांनी जिंकेल यावर कोणाचा विश्वास बसेना. काही वृत्तपत्रांना ही तारेतली चूक वाटली आणि त्यांनी डेव्हनच जिंकल्याचे छापले, असे सांगतात! पण तार बरोबर होती. पाठोपाठ स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडही हरले. ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव याच दौऱ्यात सर्वतोमुखी झाले.

आता प्रश्न पडला, हे का जिंकतात?

न्यूझीलंडचे पंतप्रधान रिचर्ड सेडन यांनी श्रेय दिले ते आपल्या देशातल्या मोकळ्या, निरोगी जीवनाला. इंग्लंडमध्ये ही गोष्ट अनेकांच्या मनाला लागली. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेली शहरी मुले किती किडकिडीत होती, याचा तिथे बोभाटा झाला होता. लोकांच्या शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल १९०४मध्येच आला होता. तेव्हा गोऱ्या वंशाचे रक्त वसाहतीच्या हवेत ताजे राहिले आणि लंडनच्या धुरात नासले, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. संघाचा उपकर्णधारच माओरी वंशाचा आहे, ही गोष्ट या सिद्धान्तात बसत नव्हती. म्हणून तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

दुसरा पक्ष म्हणत होता, हे लबाडीने जिंकतात. त्यांचा रोख होता गॅलाहरवर.

हे समजायला स्क्रम म्हणजे काय ते पाहायला हवे. दोन्हीकडचे फॉरवर्ड खांद्याला खांदा भिडवून, वाकून एकमेकांना रेटतात. मधे चेंडू टाकला जातो आणि तो पायाने मागे काढून आपल्या बॅककडे पोचवायचा असतो. इंग्लंडमध्ये या रेट्याला आठ गडी असत आणि जो आधी पोचेल तो पुढे वाकायचा. जागा ठरलेली अशी नाहीच. न्यूझीलंडने सातच गडी लावले. पुढे दोन, मधे तीन, मागे दोन, अशी पाचर. प्रत्येकाची जागा आणि काम ठरलेले. आठवा गडी, म्हणजे स्वतः गॅलाहर, बाहेर उभा. तो स्क्रममध्ये चेंडू टाकायचा आणि चेंडू मागे आला की तो उचलणाऱ्या आपल्या गड्यापुढे ढालीसारखा उभा राहायचा. हा सरळसरळ अडथळा आहे, अशी ओरड झाली. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वर्तमानपत्रांतून त्यावर रकानेच्या रकाने खर्ची पडले.

मागच्या फळीतही त्यांनी नवी मांडणी केली होती. रग्बीत ‘हाफ’ म्हणजे अर्धा आणि ‘थ्री-क्वार्टर’ म्हणजे पाऊण, अशी जागांची नावे आहेत. न्यूझीलंडने या दोहोंच्या मधे आणखी दोन गडी उभे केले. त्यांना नाव काय द्यायचे? अर्धा म्हणजे चार-अष्टमांश, पाऊण म्हणजे सहा-अष्टमांश. तेव्हा मधला झाला पाच-अष्टमांश! न्यूझीलंडमध्ये या जागेला आजही हेच नाव आहे. पावकी-निमकी पाठ केलेल्या आपल्या आजोबांना हा हिशेब चटकन उमगला असता.

म्हणजे विजयाचे कारण मैदानात सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ते रक्तात नव्हते, हवेत नव्हते आणि निव्वळ लबाडीतही नव्हते. ते होते कामाच्या वाटणीत. पण शिव्या देणारे आणि वंशाचे गोडवे गाणारे, दोघांनाही ते दिसले नाही.

दिसले ते वेल्सच्या लोकांना. त्यांनी हा संघ बारकाईने न्याहाळला. आपणही सातच गडी स्क्रममध्ये लावून आठवा मोकळा ठेवला तर काय होईल, हे निवडचाचणीच्या सामन्यांत करून पाहिले. त्या मोकळ्या जागेवर क्लिफ प्रिचर्डला उभे केले. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ इथे सामना झाला. पहिल्या डावात डिकी ओवेनने स्क्रममागून चेंडू उचलून एका बाजूला जाण्याची हूल दिली. प्रतिस्पर्धी तिकडे धावताच त्याने चेंडू उलट दिशेला प्रिचर्डकडे फेकला. प्रिचर्डकडून गेबकडे, गेबकडून टेडी मॉर्गनकडे आणि मॉर्गनने कोपऱ्यात जाऊन तो टेकवला. तीन गुण. सामना संपला तोही ३-०. उत्तरार्धात न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता, पण आपल्याला मागे ओढले गेले, असे तो म्हणाला. पंचांनी गुण दिले नाहीत. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

संपूर्ण दौऱ्यात ३५ सामने झाले, त्यांपैकी न्यूझीलंडने हरलेला हा एकच. आणि तो हरला तो त्यांची युक्ती समजून घेऊन ती उचलणाऱ्यांकडून.

पुढे गॅलाहर आणि स्टेड यांनी १९०६मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून आपली सारी पद्धत आकृत्यांसह जगासमोर ठेवली. ज्यांना लबाड म्हटले गेले, त्यांनी झाकून काहीच ठेवले नाही. गॅलाहर पहिल्या महायुद्धात, ४ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जियममध्ये मारला गेला. स्क्रमबाहेरच्या त्या गड्याविरुद्धची तक्रार मात्र त्याच्यानंतरही चालू राहिली. १९३०मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या ब्रिटिश संघाच्या व्यवस्थापकांनी ती पुन्हा जोरात मांडली. थोड्याच वर्षांत स्क्रमच्या पुढच्या रांगेत तीन गडी हवेत असा नियम झाला आणि सातांची ती पाचर इतिहासजमा झाली. आपल्याला क्रिकेटमधले बॉडीलाइन प्रकरण ठाऊक आहे. तिथेही पुढे नियम बदलावे लागले. खेळाचे नियम असेच घडतात. आधी कोणीतरी नवी वाट काढतो, मग आरडाओरडा होतो, मग नक्कल, आणि शेवटी कायदा.

मला या कथेत खेळापलीकडचेही काही दिसते. एखादा संघ, एखादा समाज पुढे गेला की आपण पटकन म्हणतो, ‘त्यांच्या रक्तातच आहे ते.’ आणि आपण हरलो की म्हणतो, ‘आपल्या मातीत ती ताकदच नाही.’ दोन्ही वाक्ये सोयीची आहेत, कारण त्यानंतर काही शिकायची गरज उरत नाही. ‘ते उभे कसे राहतात? कोण कुठे धावतो? का धावतो?’ असे विचारणारा मात्र कधीतरी कार्डिफच्या मैदानापर्यंत पोचतो.

म्हणूनच त्या पहाटे भाच्याने कागद घेऊन राखीव खेळाडूंच्या चौकटी आखायला सुरुवात केली, तेव्हा मी वाद थांबवला नाही. पुन्हा चहा टाकला. ‘‘मामा, समजा आपणच सहा आणि दोन घेतले असते तर?’’ तो विचारत होता. आता त्याचा राग गेला होता आणि अभ्यास सुरू झाला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)