छताच्या वर कोणी झाडत नव्हतं

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात किन्स्टन नावाचं लहानसं शहर आहे. तिथला वेस्ट फार्मास्युटिकल सर्व्हिसेसचा कारखाना 29 जानेवारी 2003 रोजी दुपारी 1 वाजून 28 मिनिटांनी उडाला. सहा कामगार गेले, 38 जण जखमी झाले. नावात ‘फार्मास्युटिकल’ असलं तरी तिथे औषध बनत नव्हतं. सिरिंजमधले रबरी दट्टे, कुप्यांची बुचं, सलाइनच्या सामानातले रबरी भाग असा तिथला माल.

कारखाना गलिच्छ असता तर गोष्ट दोन ओळींत संपली असती. पण तिथे झाडलोट सतत चालू असे. रबर मळणाऱ्या कंपाउंडिंग विभागात त्या कामासाठी वेगळी माणसं होती, आणि जिथवर नजर पोचते तिथवर ती चोख काम करत. त्यामुळे हा घटनाक्रम नेहमीपेक्षा बराच मागून सुरू करावा लागतो.

सुमारे 1 लाख तास आधी

3 सप्टेंबर 1991. याच राज्यात हॅम्लेट गावी कोंबडीच्या मांसाचे पदार्थ तळणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि 25 माणसं मेली. बाहेर पडायच्या दारांना कुलपं होती. तो कारखाना 11 वर्षं चालला होता आणि त्या 11 वर्षांत एकही सुरक्षा निरीक्षक आत आला नव्हता. पुढे राज्यात बरीच ओरड झाली, निरीक्षक वाढवले गेले, नियम कडक झाले. ‘तपासणीच झाली नव्हती’ हे कारण किन्स्टनला देता येणार नाही, ते यामुळेच.

हजारो तास आधीपासून, रोज

ताजं मळलेलं रबर चिकट असतं. मिक्सरमधून निघालेला गोळा मिलवर लाटून त्याच्या लांब पट्ट्या काढतात. त्या तशाच घडी घालून ठेवल्या तर एकजीव होतात आणि मग सुटत नाहीत. म्हणून किन्स्टनला या पट्ट्या एका टाकीतून ओढून नेत. टाकीत पाण्यात कालवलेली पॉलिएथिलीनची अतिशय बारीक भुकटी असे. तिचा पातळ लेप बसला की पंख्यांच्या झोताखाली पट्टी वाळे, पाणी उडून जाई, आणि रबरावर भुकटीचं आवरण उरे.

सगळी भुकटी मात्र रबरावर राहत नसे. वाळताना तिचा थोडा अंश पंख्यांच्या वाऱ्यावर उडे. जड कण खाली बसत आणि झाडून निघत. हलके कण हवेबरोबर वर जात. वर होतं फॉल्स सीलिंग, म्हणजे टाइल्स टांगून केलेलं खोटं छत. वैद्यकीय माल बनतो तिथे अशी छतं आवर्जून लावतात, कारण खालून ती सपाट आणि स्वच्छ दिसतात, आणि पुसायला सोपी असतात. पण टाइल आणि खरं छत यांच्या मधल्या जागेत तुळया, पाइप, दिव्यांच्या पेट्या, वायरी असतात. हलके कण फटींमधून तिथे शिरत आणि बसत. थर रोज इतका थोडा वाढे की कुणाच्या नजरेत आला नसता.

हा माल ज्या औषधउद्योगासाठी बने, तो सफाईच्या बाबतीत बेफिकीर आहे, असं म्हणता येणार नाही. इतका काटेकोरपणा फार थोड्या धंद्यांत असेल. गोळ्यांवर आवरण चढवणारा कोटिंग पॅन घ्या. बॅच संपली की त्याच्या जाळीत आणि फवाऱ्याच्या तोंडाशी चिवट पापुद्रा आणि टायटॅनियम डायॉक्साइडचा पांढरा राप उरतो. नवखा माणूस सरळ कढत पाणी मारतो. पण आवरणातलं एचपीएमसी हे पॉलिमर थंड पाण्यात विरघळतं आणि गरम पाण्यात उलट जेलीसारखं घट्ट होऊन बसतं. म्हणून आधी साधं पाणी, मग डिटर्जंट, मग शुद्ध पाण्याची धार, आणि शेवटी पृष्ठभागावर स्वॅब फिरवून प्रयोगशाळेत चाचणी. 1993 मध्ये इलाय लिली कंपनीच्या दोन तज्ज्ञांनी मर्यादा सुचवल्या: आधीच्या औषधाचा पुढच्या औषधाच्या एका दिवसाच्या मात्रेत येणारा अंश त्याच्या नेहमीच्या मात्रेच्या हजाराव्या भागाहून कमी हवा, पुढच्या मालात तो 10 पीपीएमपेक्षा जास्त नको, आणि डोळ्यांना काहीच दिसता कामा नये. तारापूर, कुरकुंभ किंवा महाडच्या कुठल्याही औषध कारखान्यातल्या माणसाला ‘व्हिज्युअली क्लीन’ हे शब्द झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील.

या सगळ्या शिस्तीचा रोख मालाला शिवणाऱ्या पृष्ठभागावर असतो. प्रश्न एकच असतो: हा अंश रुग्णाच्या पोटात किंवा रक्तात जाईल का? खोट्या छताच्या वर साचलेली पॉलिएथिलीनची भुकटी रुग्णापर्यंत जाणार नव्हती. त्यामुळे या हिशेबात ती कुठेच धरली जात नव्हती.

आणखी एक गोष्ट कागदावर चुकली. भुकटी बनवणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा पत्रकात, कोरड्या धुळीचा स्फोट होऊ शकतो असा इशारा होता. पण किन्स्टनला भुकटी आधीच पाण्यात कालवलेल्या लगद्याच्या रूपात येई, आणि तो लगदा पुरवणाऱ्याच्या पत्रकात हा इशारा नव्हता. ओला लगदा पेटत नाही, हे खरंच. पण तो पट्टीवर वाळणार होता आणि वाळल्यावर पुन्हा भुकटीच होणार होता. तेवढा पुढचा विचार ना पुरवठादाराने केला, ना कारखान्याने. मला या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात खटकणारी गोष्ट ही वाटते, कारण बाकी सारं नजरेआड होतं; हे मात्र हातातल्या कागदावरून कळण्यासारखं होतं.

सुमारे अडीच हजार तास आधी

ऑक्टोबर 2002. राज्याचे कामगार सुरक्षा निरीक्षक कारखान्यात आले. त्यांनी बारकाईने पाहिलं आणि गंभीर म्हणाव्यात अशा बऱ्याच त्रुटी नोंदवल्या. त्यात धुळीच्या स्फोटाचा धोका नव्हता. शिडी लावून टाइल उचलून पाहावी, असं त्यांना वाटलं नाही, आणि वाटावं असं त्यांच्या प्रशिक्षणात किंवा नियमांत फारसं काही नव्हतंही. धान्याच्या कोठारांसाठी अमेरिकेत 1987 पासून धुळीचे सक्तीचे नियम होते. प्लॅस्टिकच्या भुकटीसाठी तसा राष्ट्रीय नियम नव्हता.

एक मानक होतं. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं 654 क्रमांकाचं. त्यानुसार एक बत्तीसांश इंच, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटरचा थर खोलीच्या पाच टक्के जागेवर पसरला असेल तरी तो धोका समजायचा. धूळ शिरेल अशा बंदिस्त पोकळ्या नीट बुजवायच्या, असंही त्यात होतं. पण मानक पाळणं कारखान्याच्या मर्जीवर होतं.

काही शे तास आधी

देखभालीची माणसं काही कामासाठी छताच्या वर गेली. त्यांना तिथे पांढऱ्या भुकटीचा थर दिसला, काही ठिकाणी अर्ध्या इंचापर्यंत. मानकाच्या मर्यादेच्या सोळापट.

त्यांनी काम संपवलं आणि खाली उतरले. त्यांना दोष देणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. ही भुकटी पेटू शकते, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी वर धूळ होती, इतकंच.

बुधवार, 29 जानेवारी, सकाळ

मिक्सर चालू, मिल चालू, पट्ट्या टाकीतून जाताहेत, पंखे फिरताहेत. अशा घटनाक्रमात शेवटचे तास थरारक असावेत, असं वाचकाला वाटतं: कुणी चुकीचा व्हॉल्व्ह फिरवतो, कुठे काटा लाल पट्ट्यात जातो. इथे तसं सांगण्यासारखं काही नाही. लागणारं सगळं जळण सकाळच्या आधीच वर साठलेलं होतं. ठिणगी तेवढी यायची होती.

दुपारी 1:28

ती कुठून आली, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुरावाच जळून गेला होता. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने चार शक्यता मांडल्या. मिक्सरमध्ये अति तापलेल्या रबराची वाफ पेटली असेल. दिव्याच्या पेटीतल्या तापलेल्या भागामुळे वरचा थर धुमसला असेल. विजेच्या जोडणीत ठिणगी पडली असेल. किंवा थंड हवेच्या वाहिनीतल्या धुळीला मोटरमुळे आग लागली असेल.

पुढे काय झालं, हे मात्र स्पष्ट आहे. निपचित पडलेला थर फार तर हळूहळू जळतो. तोच हवेत उडाला की प्रत्येक कणाभोवती प्राणवायू असतो आणि सगळे कण जवळपास एकाच वेळी पेटतात. पॉलिएथिलीन रासायनिकदृष्ट्या मेणाच्या नात्यातलं, त्यामुळे उष्णता भरपूर. याचा हिशेब असा: प्रति घनमीटर 500 किलो वजनाची भुकटी जमिनीवर फक्त 1 मिलिमीटर पसरली असेल आणि खोली 5 मीटर उंच असेल, तर ती सगळी उडाल्यावर हवेच्या दर घनमीटरला 100 ग्रॅम धूळ होते. बऱ्याच भुकट्यांचा स्फोट व्हायला याहून कमी पुरते. आणि किन्स्टनच्या छतावरची पोकळी खोलीपेक्षा कितीतरी बुटकी होती.

पहिला धक्का लहान असावा. त्याने तुळयांवरची धूळ झटकली. उडालेली धूळ पेटली, त्या धक्क्याने पुढची उडाली, ती पेटली. अनेकांनी एकच एक धमाका ऐकला नाही. लांबत गेलेला गडगडाट ऐकला, आकाशात मेघ गर्जत पुढे सरकावेत तसा. ज्वाळा छताच्या वरून धावत गेली. खाली काम करणाऱ्यांच्या डोक्यावर आधी टाइल्स कोसळल्या, मग आग.

पुढचे 48 तास

आवाज 25 मैलांवर ऐकू गेला. उडालेल्या जळत्या तुकड्यांनी 2 मैलांपर्यंतच्या झाडीत आगी लावल्या. पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा कारखान्यात होती, पण तिचे पाइप स्फोटातच तुटले. गोदामात रबर होतं, आणि पेटलेलं रबर सहजी विझत नाही. आग दोन दिवस चालली. जखमींत दोन अग्निशमन जवानही होते. मृतांपैकी काही जण नंतर रुग्णालयात दगावले. किन्स्टनला 1999 मध्ये फ्लॉइड वादळाच्या पुराने झोडपलं होतं. त्यातून सावरणाऱ्या गावात आता शेकडो जणांच्या नोकऱ्याही गेल्या.

सुमारे 520 तासांनंतर

20 फेब्रुवारी 2003, सकाळी साडेसातच्या सुमारास. केंटकी राज्यात कॉर्बिन इथल्या सीटीए अकूस्टिक्स कारखान्यात वाहनांसाठी आवाज अडवणारी आवरणं बनत; त्यात फिनॉलिक रेझिनची भुकटी बांधणीला वापरत. तिथल्या कामगारांना धूळ दिसत होती, आणि ते ती साफच करत होते. झाडू आणि दाबाच्या हवेने. उडालेला ढग शेजारच्या भट्टीपर्यंत गेला. बिघडलेल्या त्या भट्टीचं दार उघडं ठेवलेलं होतं. सात माणसं मेली.

किन्स्टनला धूळ काढलीच नाही म्हणून माणसं गेली, कॉर्बिनला ज्या पद्धतीने काढली त्यामुळे. अशी धूळ स्फोटरोधक व्हॅक्यूमने शोषून काढावी लागते, तीही थर पातळ असतानाच. दाबाच्या हवेने ती उडवणं म्हणजे स्फोटाला लागणारा ढग आपल्या हाताने तयार करणं. तरीही अनेक कारखान्यांत सफाई म्हणजे हवेची नळीच, कारण ती हाताशी असते आणि काम झटपट उरकतं.

आणि नंतरची वर्षं

मंडळाचा किन्स्टनवरचा अहवाल 2004 मध्ये आला. 2006 मध्ये मंडळाने देशभरचा हिशेब मांडला: 1980 ते 2005 या काळात ज्वलनशील धुळीच्या 281 घटना, 119 मृत्यू, 718 जखमी. धुळीसाठी राष्ट्रीय नियम करा, अशी शिफारस त्यांनी केली. नियम झाला नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये जॉर्जियातल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेची धूळ पेटली आणि 14 जण मेले. 2009 मध्ये केंद्रीय कामगार सुरक्षा खात्याने नियम करायला घेतला. 2017 मध्ये तो कामांच्या यादीतून वगळण्यात आला.