जिंझूकाठच्या खाचरांतले कॅडमियम

जपानमधली जिंझू नदी डोंगर उतरून तोयामाच्या सपाटीवर येते आणि पाटांनी भातखाचरांत शिरते. वरच्या अंगाला, गिफू प्रांतात, कामिओकाची खाण होती. तिथे मित्सुई कंपनी जस्त आणि शिसे काढत असे. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. विसाव्या शतकात खनिज बारीक दळून वेगळे करण्याची पद्धत आली, युद्धकाळात उत्पादन वाढले आणि उरलेला पिठासारखा चोथा नदीत वाहू लागला.

हा गाळ वर्षानुवर्षे शेतात येत राहिला. खाचरात शिरताच पाणी मंदावते, गाळ खाली बसतो. म्हणून पाटाच्या तोंडाशी कॅडमियम जास्त आणि पलीकडच्या बांधाकडे कमी आढळले. ते फारसे खोल झिरपत नाही. मातीच्या कणांना धरून नांगरटीच्या थरातच, नेमके मुळांशी, साठते. खाचरात पाणी तुंबलेले असेपर्यंत ते गंधकाशी बांधलेले राहते, विरघळत नाही. पण कापणीआधी शेतकरी पाणी सोडून देतो, माती सुकते, तिच्यात हवा खेळते आणि कॅडमियम मोकळे होऊन दाण्यात उतरते. पिढ्यान्पिढ्यांची योग्य रीतच इथे घातक ठरली.

तो भात खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडत, हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्यानेही मोडत. बहुतेक रुग्ण अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रिया होत्या. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाला ‘इताई-इताई’ (‘दुखतंय, दुखतंय’) हे नाव पडले. तिथलेच डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी रोगाचा संबंध खाणीशी जोडला. १९६८ मध्ये सरकारने तो मान्य केला. त्याच वर्षी रहिवाशांनी खटला भरला. १९७१ मध्ये ते जिंकले, १९७२ मध्ये अपिलातही. मग कंपनीने भरपाईबरोबर दूषित जमिनी सुधारण्याची जबाबदारी लिहून दिली आणि रहिवाशांना खाणीत शिरून तपासणी करण्याचा हक्कही. हा हक्क पैशाहून मोलाचा ठरला, कारण दरवर्षीच्या तपासणीने खाणीचे सांडपाणी काबूत आले.

माती मात्र आपोआप निवळत नाही. १९७९ पासून तिथे दूषित थर काढून खोल पुरण्यात आला. त्यावर मुळे खाली पोचू नयेत म्हणून दगडगोट्यांची माती घट्ट दाबली आणि वर डोंगरातली नवी माती पसरली. तिच्यात कस नसल्याने खते घालून ती पिकाऊ करावी लागली. सुमारे ८६३ हेक्टरांचे हे काम २०१२ मध्ये संपले. खर्च ४० अब्ज येनच्या वर गेला. उरलेल्या दूषित जमिनीतली बरीचशी घरे, रस्ते आणि कारखान्यांखाली गेली.